म्हातारीला कळायला नको

अण्णा, गेली.

आत्ता साडेतीनच्या सुमाराला गेली. मी सवयीनं खिडकीतून मान बाहेर काढून ओरडले, "अण्णाऽऽ, गेली!" आणि खालून तुमचं "असू दे कीऽऽ" येईल म्हणून तशीच उभी राहिले. समोर सोनमोहराच्या सावलीत एक रिक्षावाला झोपला होता. तो दचकून उठला आणि वर बघून म्हणाला, "एल्लिगे, अम्मा?" म्हणजे, कुठं जायचंय? मी हातानंच नको म्हटलं. तो बिचारा पुन्हा आडवा झाला.

तुमचं तेरावं होऊन चार दिवस झालेत. पण ही बातमी माझ्या गळ्यापर्यंत अजून पोचलेली दिसत नाही.

वीज गेली की आपली इंदिरानगरची गल्ली कशी होते, ते तुम्हाला मी काय सांगायचं? पंखा चार गिरक्या घेऊन थांबतो. फ्रिज घसा खाकरून गप्प बसतो. मग इतका वेळ मागे दडलेले आवाज एकेक करून पुढं येतात. कुंपणावरची खार. कुणाच्या तरी स्वयंपाकघरातली शिट्टी. खाली तुमच्या पडवीत अक्का तांदूळ निवडताहेत, त्याचा सुपातला सळसळाटसुद्धा वर माझ्यापर्यंत येतो. सगळं जग जरा पाण्याखाली गेल्यासारखं होतं आणि मी तळाशी बसून लिहीत असते.

कारण म्हातारीला काही कळलेलं नाही. ती आपली माझ्यासमोर उघडी आहे, करड्या स्क्रीनवर काळी अक्षरं उमटवते आहे. गॅलरीत तुमची आंब्याची पेटी गुणगुणते आहे. नवी होती तेव्हा दोन तास पुरायची, आता कधी तासभर, कधी त्याहून कमी. नक्की किती, ते मला कळायची सोय तुम्ही ठेवली नाहीत. ते आपलं जुनं भांडण. तर आहे त्या वेळात मला तुमच्याशी ते भांडण संपवायचंय, तुमचे दोन-तीन राहिलेले आभार मानायचेत, आणि तुम्ही विचारून विचारून दमलात त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचंय.

आपल्या मराठी मंडळाच्या चिटणीसांनीही तुमच्यावर लिहायला सांगितलंय. अर्धं पान. जन्म कुठला, नोकरी कुठं, आणि 'मनमिळाऊ स्वभावाचे होते' असं. मी त्यांना हो म्हटलंय आणि लिहिणार नाहीये. तुम्ही मनमिळाऊ कुठले? मंडळाच्या सभेत तुम्ही मागच्या रांगेत बसून फ्यूजची तार गुंडाळत असायचात.

म्हातारी आमच्याकडे आली तीच निवृत्त होऊन. माझ्या नवऱ्याच्या, श्रीकांतच्या ऑफिसनं जुने लॅपटॉप भंगारात काढले, त्यातला एक त्यानं माझ्यासाठी उचलून आणला. प्रेमानं आणला हो. पण त्याचं बिजागर तुटलेलं होतं, म्हणून झाकण लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवावं लागे. 'स' दोनदा दाबल्याशिवाय उमटत नसे. आणि आतली बॅटरी होती ती नुसती मानाची. वीज गेली की त्याच क्षणी लॅपटॉप डोळे मिटायचा, आणि फ्लॉपीवर न ठेवलेलं सगळं स्वर्गवासी व्हायचं.

पहिल्याच आठवड्यात माझी नायिका गेली. गणपतीतल्या नाटकाचा पहिला प्रवेश, चांगली दोन पानं झाली होती, आणि वीज गेली. मी अशी काही किंकाळी फोडली की तुम्ही आणि अक्का, दोघं नवराबायको जिना चढून धावत आलात.

"काय झालं ओ ताई?"

"अण्णा, माझी नायिका गेली!"

अक्कांनी पदर तोंडाला लावला. "अगं बाई! कधी? आजारी होत्या काय?"

"नाही हो अक्का, चांगली बोलत होती. बोलता बोलता गेली."

"भाग्यवान बाई," अक्का म्हणाल्या आणि डोळे पुसत माझ्यासाठी पाणी आणायला आत वळल्या. मग तुम्ही बरणीला टेकलेला तो काळा स्क्रीन पाहिलात, माझ्याकडे पाहिलंत, आणि हसला नाहीत. यावर मी फार भाळले, अण्णा. दुसरा कुणी हसला असता. तुम्ही खाली वाकून लॅपटॉपची वायर बोटांनी चाचपलीत, वैद्यानं नाडी बघावी तशी, आणि म्हणालात, "म्हातारी हाय. हिला धक्का सोसत नाही."

तेव्हापासून ती म्हातारी.

तुम्ही बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात उभा जन्म इलेक्ट्रिक मेंटेनन्समध्ये काढलेला माणूस. निवृत्त झाल्यावर सगळ्यांना वाटलं, आता निपाणीकडच्या शेतावर जाल. तुम्ही गेलात ते होसूर रोडला, आणि ओळखीच्या कुणाकडून तरी ट्रकची एक वापरलेली बॅटरी रिक्षात घालून आणलीत. आंब्याची पेटी अक्कांच्या माळ्यावरून काढलीत. आठवडाभर तुमच्या पडवीत वितळलेल्या कथलाचा वास येत होता. मी येताजाता डोकावायची.

"अण्णा, दुकानात तयार इन्व्हर्टर मिळतात की."

"मिळतात. वीज गेली की ते जागे होतात. पण जागं व्हायला त्यांना स्वल्प वेळ लागतोय. डोळा मिटून उघडेपर्यंतचा. तेवढ्यात म्हातारी गेली की."

"मग?"

"मग हिला विजेवर ठेवायचंच नाही. कायम बॅटरीवरच. एका बाजूनं वीज बॅटरी भरू दे, दुसऱ्या बाजूनं म्हातारी पिऊ दे." मी तशीच उभी आहे हे बघून तुम्ही बोट गच्चीकडे केलंत. "टाकी कशाला ठेवलीय वर? कावेरीचं पाणी एक दिवस येतंय, एक दिवस येत नाही. तुमच्या मोरीतल्या नळाला कळतंय काय?"

"नाही."

"तसंच. वीज येऊ दे, जाऊ दे. म्हातारीला कळायला नको. एवढंच काम."

आणि तुम्ही कारखान्याच्या सवयीनं प्रत्येक वायरीला कागदाचं इवलंसं लेबल बांधलंत. मराठी शब्द, पण कन्नड अक्षरांत, कारण तुमची शाळा कन्नड. मला बेंगळुरूत येऊन आठ वर्षं झाली तरी ती लिपी वाचता येत नाही, यावरून तुम्ही मला शेवटपर्यंत टोमणे मारलेत. "ताई, नाटकं लिहिताय आणि बसची पाटी मला विचारताय." सरी, अण्णा, सरी. कबूल.

पेटी आमच्या गॅलरीत बसली. दर शनिवारी सकाळी तुम्ही डिस्टिल्ड वॉटरची बाटली घेऊन वर यायचात, झाकण काढून बॅटरीला पाणी पाजायचात, अक्कांनी दिलेली वाटीभर चटणी माझ्या ओट्यावर ठेवायचात, आणि विचारायचात, "म्हातारी काय म्हणते?" मी म्हणायची, "मजेत." तुम्ही जायचात. वर्षानुवर्षं. मला त्या पेटीचं झाकण स्वतः उघडायची वेळच आली नाही. ही ऐट कुणाच्या जिवावर, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

आता भांडण.

एका दुपारी वीज बराच वेळ आली नाही आणि पेटीतली बॅटरीच संपली. मी तंद्रीत. एक लांबलचक स्वगत नुकतं संपवलेलं, शेवटच्या वाक्यावर बोट, आणि म्हातारी गेली. मी तरातरा खाली आले.

"अण्णा, बॅटरी उतरत आली की एक घंटा तरी वाजायला हवी. दहा मिनिटं राहिली, पाच मिनिटं राहिली, काहीतरी!"

"कशाला?"

"कशाला म्हणजे? मला कळायला नको?"

"दहा मिनिटं उरलीत हे कळल्यावर तुम्ही काय लिहिणार ओ ताई? दहा मिनिटांचंच लिहिणार."

"अहो, निदान सेव्ह तरी करीन!"

"करा की. रोज करा, येता-जाता करा. घाबरून कशाला करताय? कारखान्यात भोंगा झाला की माणसं आधी चुका करायची, मग पळायची. मी बघितलंय."

"नाटक सुरू होताना तीन घंटा देतात, अण्णा. संपताना एक मागतेय मी. एकच!"

"संपताना घंटा दिली तर लोक चपला शोधायला लागतील," तुम्ही म्हणालात आणि अक्का इतक्या हसल्या की सूप कलंडलं.

मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही जिन्यात भेटलात आणि म्हणालात, "परत लिहा. दुसऱ्यांदा लिहिलेलं सुटसुटीत होतंय." मी नाक उडवून वर गेले. अण्णा, दुसऱ्यांदा लिहिलेलं खरंच चांगलं झालं. अर्धंच राहिलं आणि दुप्पट चांगलं झालं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. कसं सांगणार? मग घंटेचं भांडण हरले असते की. हे पहिले राहिलेले आभार.

दुसरे त्याहून लाजिरवाणे. गेल्या गणपतीतला प्रयोग आठवतोय? मंडळाच्या नाटकांचे दिवे तुमच्याकडे, आणि दर वर्षी तुम्ही माझं डोकं फिरवायचात. मी लिहायची, 'एकदम अंधार. पडदा.' तुम्ही कधी एकदम अंधार केला नाहीत. "अंधार करायला मी कशाला लागतोय? तो आपसूक होतोय की." तुम्ही दिवे हळूहळू, हळूहळू उतरवत न्यायचात, इतके की टाळ्या नेमक्या केव्हा वाजवायच्या हे लोकांना कळायचं नाही. तर गेल्या वर्षी दुसऱ्या अंकात सभागृहाचीच वीज गेली. आणि कुणाला कळलं नाही! विंगेत तुम्ही दोन बॅटऱ्या आणि चार पिवळे दिवे आधीच मांडून बसला होतात. रंगमंच नुसता दुपारचा संध्याकाळचा झाला. नायिका बोलत राहिली. मागच्या रांगेतल्या बायका म्हणाल्या, काय सुंदर प्रकाशयोजना! प्रयोगानंतर लोकांनी माझं कौतुक केलं, 'हे तुम्हाला सुचलं कसं?' आणि मी, अण्णा, मी मान किंचित कलती करून म्हणाले, 'सुचतं.' तुम्ही शेजारीच वायर गुंडाळत होतात. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही ओठांनीच म्हणालात, असू दे की.

त्या टाळ्या तुमच्या होत्या. मी त्या वर्षभर घालून मिरवले.

त्याच प्रयोगानंतर मंडळाची घंटा नाहीशी झाली. जुनी विजेची घंटा, तीन वेळा बटण दाबलं की सगळं सभागृह गप्प करणारी. मी भर सभेत चिटणीसांवर आळ घेतला. अभिनयासह घेतला. ते अजून माझ्याशी सरळ बोलत नाहीत, आणि मला ते आवडतं.

आणि त्याच महिन्यात तुम्ही दर गुरुवारी हेब्बाळला जायला लागलात.

"तळ्यावर जातोय. पक्षी बघायला."

"तुम्ही? पक्षी?"

"रिटायर माणसानं काय करायचं असतं मग?"

मला तुमचा हेवा वाटला. गुरुवारी संध्याकाळी तुम्ही परत आलात की मी चहा घेऊन खाली यायची आणि तुम्ही सांगायचात. गळ्यात झोळी असलेला पेलिकन, भाजीला निघाल्यासारखा. एका पायावर उभा बगळा, दुसरा पाय कुठं ठेवलाय ते विसरलेला. आणि तो पाणकावळा! "ओले पंख पसरून उभा असतोय, ताई. कुणी तरी हात वर करायला सांगितलंय आणि खाली करायला सांगायचं विसरलंय, असा." मी वर येऊन ते लिहून ठेवायची. मी, जी अख्ख्या गल्लीला गोष्टी सांगते, जिच्या थापा ओळखायला श्रीकांतला पंधरा वर्षं लागली, ती मी तुमच्यासमोर बशीतला चहा भुरकत सगळं खरं मानत होते.

तळ्यापलीकडे इस्पितळ होतं. हृदयाचं दुखणं. तुमचं तेरावं झालं त्या संध्याकाळी अक्कांनी सांगितलं.

"तुम्हाला माहीत होतं, अक्का?"

"मला नको माहीत? डबा मीच द्यायची."

"मग मला का नाही सांगितलं?"

"ते म्हणाले, वरच्या ताईचं नाटक चाललंय. तिला कळलं तर हात थांबेल तिचा." अक्कांनी पदर सारखा केला. "पक्षी खोटे नव्हते हां, कुमुद. एक स्टॉप आधी उतरून खरोखर तळ्यावर बसायचे ते. पाऊण तास. मग आत जायचे."

म्हणजे पक्षी खरे होते, गुरुवारच तेवढा खोटा होता. अण्णा, मी रागावले. अजूनही आहे. तुम्ही मला म्हातारी केलंत! वीज केव्हाच गेलेली, तुम्ही स्वतः बॅटरीवर चाललेले, आणि वर मला काही कळायला नको. बरं, मी इकडे वर काय करत होते? नाटकाचा तिसरा अंक घोळवत बसले होते.

त्या नाटकाची कल्पनाही तुमच्याच वाक्यातून चोरलेली. एका घरात आजोबांचा रेडिओ बंद पडतो, दुरुस्त होण्यापलीकडे. आजोबांना धक्का बसू नये म्हणून घरचे सगळे पाळीपाळीनं कपाटामागे लपून बातम्या देतात, हवामान सांगतात, भावगीतं म्हणतात. सून शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम करते, नातू क्रिकेटचं समालोचन. पहिला अंक तुम्हाला वाचून दाखवला तेव्हा तुम्ही मांडीवर थाप मारून हसलात. मग एकदम थांबून विचारलंत, "शेवटी आजोबाला कळतंय काय?"

"बघू."

"बघू नको. सांगा."

"अण्णा, लेखकाला असं विचारत नाहीत."

त्यानंतर दर शनिवारी, पाण्याची बाटली हातात घेऊन, "आजोबाचं काय ठरलं?" मला गंमत वाटायची. मी मुद्दाम लांबवलं. म्हटलं, गणपतीला वेळ आहे, म्हाताऱ्याला जरा तंगवू. कुणी मला सांगितलं असतं, एक घंटा वाजली असती, तर मी तिसरा अंक आठवड्याभरात संपवून तुमच्या उशाशी बसून वाचला असता.

आणि तो कसा झाला असता, हेही मला माहीत आहे. दहा मिनिटांचा.

तुम्ही गेलात तो शनिवारच होता. सकाळी चहाचा कप खाली ठेवलात, अक्कांना म्हणालात, "वर पाणी घालून येतो," आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलात. तिथंच. मी वर दात घासत होते.

तेरा दिवस पेटीला कुणी पाणी घातलं नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी अक्का स्वतः बाटली घेऊन वर आल्या. गुडघ्यावर हात ठेवत, एकेक पायरी. "त्यांचं एवढं एक काम राहिलंय," म्हणाल्या. आम्ही दोघींनी मिळून झाकण काढलं. बॅटरी, चार्जर, तांब्याच्या तारा, आणि अगदी मागे कोपऱ्यात, फडक्यात गुंडाळलेली, मंडळाची घंटा.

मी फडकं सोडवलं.

तिची एक वायर जोडलेली होती. दुसरीच्या टोकाला काळी टेप, नीट तीन वेढे दिलेली. त्या टेपजवळ तुमचं कागदी लेबल. मी ते अक्कांपुढे धरलं. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि एकेक अक्षर लावत वाचलं.

"ताईं-ची... मर्जी."

अक्कांना यातलं काही समजलं नाही. मला समजलं. हेब्बाळचे गुरुवार सुरू झाले त्याच महिन्यात तुम्ही मंडळाची घंटा चोरलीत. तुम्ही, ज्यांनी कारखान्यातून कधी एक स्क्रू घरी आणला नाही! म्हणजे तुम्हालाही एकदा वाटलं होतं की सांगावं. उरलंय किती ते माणसाला कळावं. तुम्ही घंटा बसवलीत, एक वायर जोडलीत, आणि दुसरी हातात धरून थांबलात. किती वेळ थांबला असाल, अण्णा? मी आत बसून संवाद पुटपुटत असेन, तुम्ही गॅलरीत उकिडवे. मग तुम्ही टेप लावलीत. स्वतःसाठी तुम्ही नको ठरवलंत, आणि माझं माझ्यावर ठेवलंत.

काल दुपारी माझा डोळा लागला आणि मी हेब्बाळच्या तळ्यावर होते. पाण्यावर पिवळा उजेड. पाणकावळे रांगेनं हात पसरून. काठावर तुम्ही, लेंगा दुमडलेला, गुडघाभर पाण्यात, एक वायर तळ्यात सोडून बसलेले. मी विचारलं, काय करताय? तुम्ही म्हणालात, सूर्य उतरवतोय, गडबड करू नका. आणि खरंच तो उतरत होता, तुमच्या हातानं, इतका हळू की पक्ष्यांना कळत नव्हतं. मी म्हटलं, अण्णा, एकदम अंधार, पडदा. तुम्ही मान हलवलीत. मी जागी झाले तेव्हा गाल ओला होता आणि बाहेर चक्क ऊन होतं.

उठून खाली गेले. अक्का पडवीत तुमच्या कॉटवर सूप घेऊन बसल्या होत्या. ती कॉट तुम्ही गेल्या काही महिन्यांत भिंतीकडून इकडे, माझ्या खिडकीखाली सरकवली होती. मला वाटलं होतं, वाऱ्यासाठी.

"वारा कसला," अक्का म्हणाल्या. "तुझं ऐकायला. तू लिहिताना बोलतेस की मोठमोठ्यानं. सुनेचा आवाज, नातवाचा आवाज. दुपारभर पडून ऐकायचे आणि हसायचे. कधी म्हणायचे, आज आजोबाचं काही नाही, आज नुसती खाडाखोड चाललीय."

मी कॉटच्या कडेला टेकून वर माझ्या खिडकीकडे पाहिलं.

"शेवटच्या शुक्रवारी तू फार हळू वाचत होतीस. तर मला म्हणाले, ताईला जाऊन सांग, स्वल्प मोठ्यानं."

"मग सांगितलं का नाहीत, अक्का?"

"सांगितलं असतं तर तुझा हात थांबला असता की," अक्का म्हणाल्या, आणि सुपातला एक खडा बाजूला टाकला.

तर अण्णा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मी आधी आजोबांना शेवटी सगळं कळतं आणि ते एक लांब भाषण करतात असं योजलं होतं. डोळ्यांत पाणी, सगळे पाया पडतात, एकदम अंधार. ते मी आज खोडलं. आता असं आहे. संध्याकाळ. सून कपाटामागे बातम्या वाचतेय. दिवसभर राबून दमलीय, तिचा आवाज बसत चाललाय. आजोबा रेडिओशेजारी डोळे मिटून. ते उठतात, रेडिओच्या बटणाला हातसुद्धा लावत नाहीत. सरळ कपाटापाशी जातात, त्याच्या लाकडावर हळूच टिचकी मारतात, आणि म्हणतात, "सूनबाई, स्वल्प मोठ्यानं."

ती दचकते. थांबते. मग मोठ्यानं पुढं वाचायला लागते. ते परत येऊन बसतात. दिवे हळूहळू उतरतात.

'स्वल्प' तसाच ठेवणार. मंडळातले पुणेकर म्हणतील, हा कुठला शब्द, 'जरा' म्हणा. म्हणू देत. मीही पुण्याचीच आहे, भांडता मला येतं. पत्रिकेत दिव्यांसमोर या वर्षी तुमचं नाव छापलं जाईल, आणि प्रयोगाआधी मी पडद्यापुढे येऊन गेल्या वर्षीच्या टाळ्या कुणाच्या होत्या ते सांगणार आहे. अभिनयासह. घंटा मात्र मंडळाला परत मिळणार नाही. तिसरी घंटा म्हणून अक्का विंगेत ताट वाजवतील, त्यांनी कबूल केलंय. चिटणीसांवरचा आळ राहू दे. आपल्या दोघांत एक तरी गुपित शिल्लक हवं, आणि या वेळी ते मला ठाऊक असलेलं.

टेप मी काढलेली नाही. काल दोन वेळा गॅलरीत जाऊन ते टोक हातात धरून आले. आज हे लिहायला बसले तेव्हा ठरवलं होतं, संपलं की उठायचं आणि काय तो निकाल लावायचा.

आत्ता तो शेवटचा प्रवेश मी खिडकीकडे तोंड करून मोठ्यानं वाचला. चांगला खणखणीत. रिक्षावाला पुन्हा उठून बसला. खाली सुपाचा आवाज थांबला होता. मग अक्का म्हणाल्या, "आलं ऐकू!"

आणि मान वर केली तर, अण्णा, पंखा फिरतोय. फ्रिज घुरघुरतोय. वीज आलेली आहे. केव्हा आली, देव जाणे. मी लिहीत होते.